डॉक्टरांना मेसेज टाकताना: परळच्या एका दवाखान्याच्या काउंटरवरून

"मॅडम, तेच परत चालू झालंय. काय करू?"

सकाळी नऊला दवाखान्याचा फोन ड्रॉवरमधून काढून चालू केला की असले चार-पाच मेसेज हमखास आलेले असतात. नाव नाही, वय नाही. डीपीवर जास्वंदीचं फूल नाहीतर नातवाचा फोटो, आणि खाली "तेच परत". कुणाला, काय, कधीपासून, हे शोधायला मी मग केसपेपरच्या खोक्यात हात घालते.

परळला एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात मी १९ वर्षं काउंटर सांभाळते. नंबर लावणं, केसपेपर काढणं, ड्रेसिंगचं सामान भरणं, फी घेणं ही कामं पहिल्यापासून होतीच. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये व्हॉट्सॲप आलं आणि ते राहिलंच. आमच्या मॅडम दोन्ही वेळची ओपीडी मिळून ७०-८० पेशंट बघतात. मेसेज आधी मी वाचते, तातडीचा कुठला आणि थांबण्यासारखा कुठला ते लावून घेते, आणि दुपारी दीडला शेवटचा पेशंट गेला की फोन त्यांच्यासमोर ठेवते.

डॉक्टर त्याच, ताप तोच. पण एकाला पाच मिनिटांत उत्तर मिळतं आणि दुसऱ्याचा अख्खा दिवस "आपण कोण?", "वय किती?", "ताप किती?" यातच जातो. मेसेज असा हवा की तो वाचून डॉक्टरांना उलट एकही प्रश्न विचारावा लागू नये. तो कसा लिहायचा, ते काउंटरवरून जेवढं दिसलं तेवढं सांगते.

मेसेज टाकायचाच नाही, असे प्रसंग

२०२१च्या ऑक्टोबरमधली एक सकाळ. फोन चालू केला तर वरून तिसरा मेसेज माझ्या भावाचा होता, रात्री ११ वाजून २० मिनिटांचा. "बाबांना छातीत कसंतरी होतंय, घाम सुटलाय. गॅसची गोळी देऊ का?"

तो मी वाचत होते तेव्हा बाबा आयसीयूत होते. मी त्यांचा जुना ईसीजी न्यायला दवाखाना उघडला होता. रात्री फोन इथे कुलुपात होता आणि भाऊ कांजूरमार्गला, हातात मोबाईल धरून, टिका निळ्या व्हायची वाट बघत बसला होता. डॉक्टरांना कळवलंय, आता उत्तर येईलच, असं त्याला वाटत राहिलं. १२ वाजून १० मिनिटांनी बाबांना उलटी झाली तेव्हा त्याने मला उठवलं. बाबा वाचले. पण हृदयाचा जेवढा स्नायू गेला तेवढा गेला. आता एक जिना चढले की कठड्याला धरून उभे राहतात.

म्हणून आधी हे. छातीत दाब आणि घाम, दम लागून बोलता न येणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, एका हातापायातलं बळ जाणं, जीभ जड होणं, फिट येणं, शुद्ध हरपणं, रक्ताची उलटी, गरोदर बाईला रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं, कुणी चुकून किंवा मुद्दाम भलतं औषध घेणं. यात फोन उचलायचा तो १०८ ला लावायला, नाहीतर खाली टॅक्सी थांबवायला. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यामुळे माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला, ती वेळ लक्षात ठेवा, हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न तोच येतो. डायबेटिसच्या पेशंटला घाम सुटून थरथर होतेय, साखर ७० च्या खाली आहे आणि तो शुद्धीवर आहे, तर आधी साखरपाणी द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल. आमच्यासारख्या दवाखान्याला मेसेज टाकायचाच तर गाडीत बसल्यावर टाका.

आणखी एक. "आता जगावंसं वाटत नाही" असे रात्री दोनचे मेसेज मी सकाळी नऊला वाचलेले आहेत. बंद ड्रॉवरमधल्या फोनला हे सांगू नका. घरात जे कुणी जवळचं असेल त्याला उठवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासात मदत करणारा सरकारी नंबर आहे, तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

सगळं एकाच मेसेजमध्ये

"गुड मॉर्निंग मॅडम" एवढंच टाकून थांबू नका. ते वाचून मी काहीच करू शकत नाही, आणि तुम्ही मात्र उत्तराची वाट बघत बसता. पाच तुकड्यांत पाच मेसेजही नकोत, मध्ये दुसऱ्यांचे मेसेज येतात, दीड वाजता घाईत वर-खाली करताना एखादा तुकडा सुटतो. आधी कागदावर नाहीतर फोनच्या नोट्समध्ये लिहून घ्या आणि मग एकदम पाठवा.

नायगावचे एक गृहस्थ आईसाठी लिहितात. त्यांची पद्धत मला फार आवडते. साधारण अशी असते. पहिल्या ओळीत आईचं पूर्ण नाव, आणि मग:

"वय ६४, स्त्री, केसपेपर ४१२. मुलगा लिहितोय, आई शेजारी बसलीय. सोमवार १४ जुलैच्या संध्याकाळपासून ताप, आज १६ तारीख, तिसरा दिवस. जास्तीत जास्त १०२.४, काल रात्री ९ वाजता. थंडी वाजते, डोळ्यांच्या मागे ठणकतं, पोटऱ्या दुखतात. खोकला नाही, लघवीला जळजळ नाही. पाणी पितेय, काल चारदा लघवी झाली. पॅरासिटामॉल ६५० घेतली, काल तीन, आज सकाळी एक. डायबेटिस आणि बीपी आहे. मेटफॉर्मिन ५०० दोनदा, टेल्मिसार्टन ४० सकाळी. सल्फाची ॲलर्जी. ८ जुलैला हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चालत आली. आज रक्त तपासायचं का? आणि दाखवायला किती वाजता आणू?"

यातलं एकही वाक्य फुकट नाही. तापाचा कितवा दिवस हे कळलं की कुठली तपासणी करायची ते ठरतं. डेंग्यूची एनएस-वन ही रक्ताची तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत कामाची, त्यानंतर अँटिबॉडीची तपासणी बघावी लागते. डेंग्यूत खरा धोका ताप उतरायला लागतो त्या सुमारास असतो. म्हणून "आज ताप नाही, बरं आहे" म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी गप्प बसू नका. पोट दुखतंय, उलट्या होतायत, हिरड्यांतून रक्त येतंय, खूप गळून गेल्यासारखं झालंय, तर लिहीत बसू नका, थेट या.

गुडघाभर पाण्याची ओळ तर मुंबईत पावसाळाभर लिहायला हवी. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार त्या पाण्यातून होतो, आणि पाण्यातून चालल्यावर बहुतेकदा ५ ते १४ दिवसांनी ताप येतो. तोवर हिंदमाताचं ते तुंबलेलं पाणी विसरलेलं असतं. तापाच्या मेसेजमध्ये "पाण्यातून गेलो होतो" हे मी विचारल्याशिवाय क्वचितच कुणी लिहितं. साचलेल्या पाण्यातून गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घ्यावी, असं महापालिकाही दर पावसाळ्यात सांगते. म्हणजे खरा चांगला मेसेज त्याच दिवशीचा: "आज सायनला पाण्यातून आलो, टाचेला चीर आहे, वय ३८, दुसरा आजार नाही. गोळी घ्यायची का?" गरोदर असाल तर ते पहिल्या ओळीत लिहा, गोळी बदलते.

"खोकला नाही, जळजळ नाही" हेही तेवढंच मोलाचं. नसलेल्या गोष्टी लिहायचं आपल्याला सुचत नाही, पण डॉक्टर त्यावरूनच अर्धी शक्यता बाजूला काढतात.

आणि तारीख. तारीख लिहाच. आपल्या मराठीत "परवा" म्हणजे गेलेला दिवसही आणि येणाराही. "परवापासून गोळ्या बंद" हा मेसेज आला तेव्हा मी आणि मॅडम दोघी फोनकडे बघत राहिलो, बंद केल्यात की करणार आहेत? फोन लावला तेव्हा कळलं, रक्त पातळ करणारी गोळी बंद करून दोन दिवस झाले होते, कुणीतरी सांगितलं म्हणून. "मध्यंतरी", "बरेच दिवस", "गणपतीपासून" यांचंही तेच होतं. तारीख नक्की आठवत नसेल तर "साधारण १० तारखेच्या आसपास" लिहा, तेवढं पुरतं.

दुखणं मराठीत सांगा

बरेचजण डॉक्टरांना लिहायचं म्हणून इंग्रजी शब्द शोधतात. "फुल बॉडी पेन", "गॅस ट्रबल", "वीकनेस". त्यातून काहीच कळत नाही. गॅस, ॲसिडिटी, वीकनेस ही तुम्ही काढलेली निदानं आहेत. तुम्हाला काय होतंय ते त्यात नाही. माझ्या भावानेही "गॅस" लिहिलं होतं.

तेच आजीला विचारा. ती सांगते: कळ येते आणि जाते. ठणका लागतो. चमक निघते. मुरडा येतो. आग होते. टोचतं. दाबल्यासारखं वाटतं. अवघडलंय. बधिर झालंय. मुंग्या येतात. यातला एकेक शब्द डॉक्टरांना वेगळी दिशा दाखवतो. पोटात कळ येऊन पाठीत जाणं वेगळं आणि जेवल्यावर छातीत जळजळणं वेगळं. "चक्कर" या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो: घर फिरल्यासारखं वाटणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, आणि चालताना तोल जाणं. तिन्हींची कारणं निराळी असतात, तेव्हा कुठली ते लिहा. "अंगात कणकण आहे" हेही लिहा, फक्त सोबत थर्मामीटरचा आकडा द्या. हात लावून पाहिलेला ताप ताप म्हणून धरता येत नाही.

टाइप करायला जमत नसेल तर व्हॉइस नोट खुशाल पाठवा, मॅडमना चालते. मात्र सुरुवातीला नाव आणि वय बोला, एका मिनिटाच्या आत संपवा, मागे टीव्ही बंद करा. साखर, बीपी, गोळीचं नाव हे आकडे मात्र खाली लिहूनच द्या. ऐकलेलं १५ आणि ५० एकसारखं वाटतं, आणि आठवड्याने तो आकडा शोधायचा तर पुन्हा सगळ्या नोटा ऐकत बसावं लागतं.

बीपी कळवताना: चहा, सिगरेट, जिना यानंतर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकून ५ मिनिटं गप्प बसा, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवा, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वेळेसकट पाठवा. साखरेचा नुसता आकडा नको, उपाशीपोटीची की जेवल्यावर दोन तासांची ते हवं.

फोटो, रिपोर्ट आणि गोळ्यांच्या स्ट्रिप

पुरळ किंवा जखम दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ काढा, फ्लॅश बंद ठेवा. दोन फोटो हवेत. एक लांबून, म्हणजे अंगावर कुठे आहे ते कळेल. दुसरा जवळून, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे मोठेपणा कळेल. चार दिवसांनी पुन्हा पाठवायचा झाला तर तीच खिडकी, तेच नाणं. वाढलंय की कमी झालंय ते तेव्हाच दिसतं. झाकलेल्या जागेचा फोटो विचारल्याशिवाय पाठवू नका. हा फोन आधी माझ्या हातात येतो, हे लक्षात असू द्या. तसं काही असेल तर "मॅडमशी खाजगी बोलायचं आहे, फोन करावा" एवढं पुरे. मी पुढचं काही विचारत नाही.

रिपोर्ट लॅबकडून आलेल्या पीडीएफमध्येच पुढे पाठवा. त्याला पासवर्ड असेल तर तोही लिहा. स्क्रीनशॉटमध्ये नाव आणि तारीख कापली जाते, आणि एकाच घरातल्या सासू-सुनेचे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचे रिपोर्ट, माझ्यासमोर बिननावाचे येऊन पडतात. कागदी रिपोर्ट असेल तर टेबलावर सपाट ठेवून चारही कोपरे येतील असा फोटो काढा आणि तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि बारीक आकडे फुटतात. ईसीजीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. तो थर्मल कागद असतो, उन्हाने आणि काळाने पुसट होतो. बाबांचा जुना ईसीजी त्या सकाळी मला फाइलमध्ये मिळाला, पण अर्ध्या रेषा उडाल्या होत्या. आता सगळ्यांचे मी आल्या आल्या फोटो काढून ठेवते.

"ती पांढरी छोटी गोळी" असं लिहू नका. स्ट्रिपचा मागचा भाग दाखवा, जिथे औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम छापलेलं असतं. कापून घेतलेल्या चार गोळ्यांवर नाव उरत नाही. मेडिकलवाल्याकडून नाव असलेला तुकडा मागून घ्या किंवा बिलाचा फोटो टाका.

उत्तर आलं की

हे मी सगळ्यात कळकळीने लिहितेय, कारण चांगला मेसेज लिहिणारेही इथे चुकतात.

लालबागच्या चाळीतले एक आजोबा, पायांना सूज आली म्हणून त्यांनी मेसेज टाकला. उत्तर गेलं: "बीपीची गोळी उद्यापासून अर्धी करा." त्यांनी "ओके" आणि हात जोडलेले पाठवले. दहा दिवसांनी नातू त्यांना धरून घेऊन आला तेव्हा बीपी १८४ होतं. बीपीच्या गोळ्या दोन होत्या, त्यांनी दोन्ही अर्ध्या केल्या होत्या. मॅडमच्या मनात फक्त ॲम्लोडिपिन होती, सूज त्या गोळीने येऊ शकते म्हणून. चूक आजोबांची नव्हती. उत्तर आमच्याकडून अपुरं गेलं होतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. आम्ही गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम लिहिल्याशिवाय उत्तर पाठवत नाही. आणि पेशंटने नुसतं "ओके" लिहिलं की मी विचारते, "काय समजलं ते लिहा." तुमचा डॉक्टर विचारत नसेल तरी तुम्ही आपणहून लिहा: "म्हणजे ॲम्लोडिपिन ५ ची अर्धी रोज सकाळी, टेल्मिसार्टन ४० आहे तशीच. बरोबर?" दहा सेकंदांचं काम आहे. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. शंका असेल तर तेही विचारा, त्यात लाज कसली? गोळीवर एसआर, एक्सआर, ईआर लिहिलेलं असेल तर विचारल्याशिवाय तोडू नका. त्या पोटात हळूहळू विरघळाव्यात म्हणून तशा बनवलेल्या असतात.

उत्तरात तीन गोष्टी नसतील तर मागून घ्या: गोळी किती दिवस घ्यायची, किती दिवसांत बरं वाटलं नाही म्हणजे पुन्हा कळवायचं, आणि कुठलं लक्षण दिसलं तर थेट यायचं.

"दवाखान्यात या" असं उत्तर आलं तर

रागावू नका. काउंटरवर मला रोज ऐकावं लागतं, "एवढंसं सांगायला काय जातंय?" कितीतरी गोष्टी हात लावल्याशिवाय, स्टेथोस्कोप ठेवल्याशिवाय कळत नाहीत. दुसरं म्हणजे जबाबदारी. २०१८ साली रत्नागिरीच्या एका प्रकरणात, डॉक्टर नसताना फोनवरून सांगून औषधं दिली गेली आणि बाळंतीण दगावली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर कितीतरी डॉक्टरांनी फोनवर औषध सांगणंच थांबवलं होतं.

लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, केंद्राची टेलिमेडिसिनची नियमावली आली आणि मेसेज, फोन, व्हिडिओ, ईमेल यांवरून सल्ला देणं नियमात बसलं. तिच्यातलं पेशंटने लक्षात ठेवावं असं थोडंच आहे. त्याच आजारासाठी ६ महिन्यांच्या आत प्रत्यक्ष दाखवलं असेल तर तो फॉलोअप धरतात आणि डॉक्टर जास्त औषधं लिहून देऊ शकतात. पहिल्यांदाच विचारत असाल किंवा तक्रार नवी असेल तर निर्बंध जास्त, बऱ्याच औषधांसाठी निदान व्हिडिओवर तरी बघावं लागतं. अमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या कायद्याखाली येणाऱ्या गोळ्या, त्यात झोपेच्या काही गोळ्या आल्या, अशा मेसेजवर मिळत नाहीत. तेव्हा "नेहमीची झोपेची गोळी लिहून पाठवा" असा आग्रह धरू नका. डॉक्टरांना फी घेण्याचा हक्क आहे आणि तुम्हाला पावती मागण्याचा. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. अनोळखी डॉक्टरांशी ऑनलाइन बोलत असाल तर तो क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत ताडून बघा.

ज्यांचा ठरलेला डॉक्टर नाही त्यांच्यासाठी सरकारची ई-संजीवनी आहे, मोबाईलवरून फुकट सल्ला मिळतो. साध्या तक्रारीसाठी आणि गावाकडच्या आई-वडिलांसाठी वापरून बघावी.

आई-वडिलांसाठी लिहिताना

मुलगा पुण्याला नाहीतर दुबईला, आई परळच्या दीड खोलीत. मुलगा मला लिहितो, "आईला काय झालंय? रिपोर्ट पाठवा." मी पाठवत नाही, आणि तो चिडतो. आईने सांगितल्याशिवाय तिचा रिपोर्ट मी तिच्या पोटच्या मुलालाही देऊ शकत नाही. उपाय सोपा आहे. पुढच्या वेळी आईबरोबर दवाखान्यात आलात की तिच्याच तोंडून डॉक्टरांना सांगू द्या, "माझ्या तब्येतीचं या नंबरवर कळवलं तर चालेल." आम्ही ते केसपेपरवर लिहून तिची सही घेतो. नियमावलीतही घरच्या माणसासाठी हीच वाट आहे. आई स्वतः बोलू-समजू शकत नसेल किंवा पेशंट लहान मूल असेल तर गोष्ट वेगळी.

आणि लिहिताना आईला शेजारी बसवा. लांबून अंदाजाने लिहिलेल्या मेसेजमध्ये "जेवण व्यवस्थित आहे" असतं. आई आली की सांगते, चार दिवस नुसता चहा-बिस्कीट चाललंय.

पैसे, फसवणूक, नोंदी

हॉस्पिटलचा नंबर गुगलवर शोधून लगेच पैसे पाठवू नका. अपॉइंटमेंट पक्की करायला "दहा रुपये भरा, ही फाईल इन्स्टॉल करा" असं कुणी सांगितलं की तो चोर समजा. नंबर जुन्या केसपेपरवरून, बिलावरून किंवा हॉस्पिटलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला फोन करा. जितका उशीर, तितके ते परत मिळणं कठीण.

डॉक्टरांचं उत्तर सोसायटीच्या ग्रुपवर पुढे ढकलू नका. ते औषध तुमच्या किडनीचा रिपोर्ट बघून दिलेलं असतं, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा नाही. घरात एकच फोन असेल आणि तो मुलांच्या हातात असेल तर हेही मेसेजमध्ये कळवा, म्हणजे नाजूक उत्तर आम्ही लिहीत नाही, फोन करतो.

डॉक्टरांशी असलेल्या चॅटवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा. चिठ्ठ्या आणि रिपोर्ट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नावात तारीख घाला. फोन हरवला आणि सगळं गेलं तर दवाखान्याकडून नोंदींची प्रत मागता येते. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या पेशंटच्या नोंदी ३ वर्षं ठेवायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत प्रत द्यायची असते.

उत्तर आलं नाही तर काय? आमच्याकडे दुपारी दीड आणि रात्री साडेनऊ अशा दोन वेळा आहेत, त्या दारावर लिहिल्या आहेत. तुमच्या डॉक्टरांच्या वेळा कोणत्या, ते बरे असतानाच विचारून ठेवा. ती वेळ टळून गेली की तोच मेसेज पुन्हा-पुन्हा पाठवू नका, काउंटरला फोन करा.

आणि बरं वाटलं की एक ओळ टाका. औषध सुरू झालेल्यांची नावं मी एका वहीत लिहून ठेवते, तिसऱ्या दिवशी ज्यांच्याकडून काही आलं नाही त्यांना दुपारी फोन लावते. "ताप उतरला, गोळ्या १९ तारखेला संपल्या" एवढं आलं की मी मॅडमना दाखवते आणि त्या नावावर रेघ मारते.